वायलम : जिथे रूळ आधी आले

१. इंजिन नव्हतं तेव्हा रूळ कशाला होते?

रेल्वेचा शोध कोणी लावला? सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत याचं उत्तर एका ओळीत असतं : जॉर्ज स्टीफन्सन. कुणी जेम्स वॉटचं नाव घेतं आणि किटलीच्या झाकणाची गोष्ट सांगतं. दोन्ही उत्तरं तपासायला गेलं की अडखळायला होतं. वॉटने सुधारलेलं वाफेचं इंजिन एका जागी पक्कं बसवलेलं असे. ते पंप ओढी, यंत्रं फिरवी, पण स्वतः जागचं हलत नसे. स्टीफन्सनचं पहिलं इंजिन १८१४ साली धावलं. त्याच्या दहा वर्षं आधी, २१ फेब्रुवारी १८०४ रोजी, वेल्समधल्या पेनीडॅरन इथे रिचर्ड ट्रेव्हिथिकच्या इंजिनाने दहा टन लोखंड आणि सुमारे सत्तर माणसं ओढून नेली होती. आणि ट्रेव्हिथिकचं इंजिन ज्या रुळांवरून गेलं, ते रूळ तर इंजिनाच्या आधीच तिथे घातलेले होते.

तेव्हा प्रश्न बदलून विचारायला हवा. इंजिन नव्हतं तेव्हा रूळ कशाला होते? आणि त्या रुळांवर इंजिन चढलं ते कोणत्या अडचणीतून?

या दोन्ही प्रश्नांची उत्तरं इंग्लंडमधल्या एका गावात मिळतात. त्याचं नाव वायलम. इंग्लंडच्या ईशान्य टोकाला नॉर्थम्बरलंड परगणा आहे. तिथे टाइन नदीच्या काठाने न्यूकॅसल शहरापासून पश्चिमेला दहा मैल गेलं की हे गाव लागतं. आज तिथे दोनेक हजार लोक राहतात. जॉर्ज स्टीफन्सन याच गावाच्या शिवारात जन्मला. पुढे रेल्वे इंजिनांचा मोठा कारागीर ठरलेला टिमथी हॅकवर्थही वायलमचाच. ज्याच्या देखरेखीखाली जगातलं आज टिकून असलेलं सर्वांत जुनं रेल्वे इंजिन तयार झालं, तो विल्यम हेडली इथल्या कोळसा खाणीवर नोकरीला होता. एवढ्याशा गावात अशी तीन नावं निघावीत हा निव्वळ योगायोग नाही, असं माझं मत आहे.

२. कोळसा जड, नदी उथळ

वायलमच्या पोटात कोळसा होता आणि त्याला गिऱ्हाईक होतं लंडन. तिथल्या चुली आणि शेकोट्या टाइनकाठच्या कोळशावर पेटत. हा कोळसा समुद्रमार्गे जहाजांतून जाई, पण जहाजं वायलमपर्यंत येऊ शकत नव्हती. मोठी जहाजं नदीच्या मुखाकडे थांबत. तिथवर कोळसा पोचवायला ‘कील’ नावाच्या रुंद, सपाट होड्या असत आणि त्या चालवणाऱ्यांना ‘कीलमेन’ म्हणत. वायलमजवळ नदी इतकी उथळ होती की या होड्याही तिथे लागत नसत. त्यांना पुरेसं पाणी सापडे ते पाच मैल खाली, लेमिंग्टनच्या धक्क्यावर.

म्हणजे सगळा पेच या पाच मैलांचा होता. पावसाळी प्रदेश, चिखलाची वाट आणि जड माल. कोळसा जागेवर स्वस्तच असतो. वाटेत त्याची किंमत वाढत जाते. वाहतूक महाग पडली की खाणीचा धंदा बसतो.

यावर टाइनकाठी सतराव्या शतकापासून एक उपाय रूढ होता : लाकडी रूळ. जाड ओंडक्यांवर लाकडाच्या लांब पट्ट्या ठोकायच्या आणि त्यांवरून घोड्याने गाडी ओढायची. वायलमला असा मार्ग १७४८च्या सुमारास झाला. खाणीपासून लेमिंग्टनपर्यंत, नदीच्या काठाकाठाने, दोन रुळांत पाच फुटांचं अंतर ठेवून तो घातला गेला.

रुळांनी नेमकं काय साधतं, हे इथेच समजून घेऊ. चिखलाच्या रस्त्यावर चाक रुततं. मग घोड्याचा बराचसा जोर गाडी पुढे नेण्यात खर्च न होता चाक त्या खळग्यातून सतत वर काढण्यात खर्च होतो. रूळ कठीण असल्यामुळे चाक रुतत नाही आणि तो जोर वाचतो. न्यूकॅसलकडच्या कोळशाच्या गाडीला ‘चाल्ड्रन’ म्हणत. तिच्यात ५३ हंड्रेडवेट, म्हणजे साधारण २.६५ टन कोळसा मावे. रुळांवर एवढा माल एकटा घोडा ओढत असे. अशा आठ गाड्या रिकाम्या केल्या की एक कील होडी भरे : ८ गुणिले २.६५, म्हणजे सुमारे २१ टन. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे तो कामाला येईल.

३. एका खोलीतलं बिऱ्हाड

गावाच्या पूर्वेला, या लाकडी मार्गाला अगदी लागून एक दगडी घर आहे. १७६०च्या सुमारास खाणीवरच्या कुटुंबांसाठी ते बांधलं गेलं. त्यात चार कुटुंबं राहत, प्रत्येकाच्या वाट्याला एक खोली. त्यांतल्या एका खोलीत ९ जून १७८१ रोजी जॉर्ज स्टीफन्सन जन्मला. आई मेबल आणि वडील रॉबर्ट या दोघांनाही लिहिता-वाचता येत नव्हतं. वडील खाणीतल्या पाण्याच्या पंपाचं वाफेचं इंजिन पेटतं ठेवत, म्हणजे त्याच्या भट्टीत कोळसा घालण्याचं काम करत.

खाणीला पंप का लागतो? खोल खणत गेलं की आजूबाजूचं पाणी झिरपून खड्ड्यात साचतं आणि ते सतत उपसलं नाही तर खाण बुडते. या उपशासाठीच १७१२ साली टॉमस न्यूकमेनने वाफेचं इंजिन कामाला लावलं होतं. खाणीवर कोळसा पडलेलाच असे, त्यामुळे इंजिनाने भरमसाट कोळसा खाल्ला तरी मालकाला फारसं जाणवत नसे.

आता त्या मुलाच्या भोवती काय काय होतं ते पाहा. बापाच्या कामाच्या जागी वाफेचं इंजिन आणि घराच्या दारासमोर रूळ. दोन्ही एकाच गावात, एकाच मालकाच्या कामासाठी, एकाच कोळशापायी. तरी इंजिन पाणी उपसत होतं आणि रुळांवरून घोडे चालत होते. या दोघांची गाठ पडायला आणखी तीसेक वर्षं जायची होती.

जॉर्ज आठ वर्षांचा असताना त्याचं कुटुंब कामाच्या शोधात वायलम सोडून गेलं. तो वाचायला शिकला तो अठराव्या वर्षी, दिवसभराचं काम आटोपल्यावर स्वतःच्या मजुरीतून फी भरून. ते घर आज नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे.

४. ब्लॅकेटचं नाकारलेलं इंजिन

१८०० साली वायलमची खाण ख्रिस्टोफर ब्लॅकेटकडे वारशाने आली. लंडनच्या ‘द ग्लोब’ या वर्तमानपत्राचाही तो मालक होता. खाणमालक म्हटला की आपल्याला मजुरांची पिळवणूक आठवते आणि ती त्या काळी होतीच. पण ब्लॅकेटमध्ये एक गुण निश्चित होता : नव्या प्रयोगावर पैसे घालायला तो कचरत नसे, आणि एकदा हात पोळले तरी पुन्हा प्रयत्न करत असे.

पेनीडॅरनची बातमी कळल्यावर त्याने ट्रेव्हिथिकच्या पद्धतीचं इंजिन मागवलं. ते १८०५ मध्ये न्यूकॅसलसमोरच्या गेट्सहेडला तयार झालं. वजन साधारण पाच टन. वायलमचे रूळ अजून लाकडी होते आणि अडीच-तीन टन कोळशाच्या गाडीसाठी बेतलेले होते. त्यांना हा भार पेलणार नव्हता. ब्लॅकेटने इंजिन स्वीकारलं नाही आणि ते दुसऱ्या कामासाठी एका जागी बसवून टाकलं गेलं.

पुढची पायरी त्याने इंजिनाची नव्हे, रुळांची गाठली. १८०८ मध्ये लाकडी मार्ग उखडून बिडाच्या पट्ट्या घातल्या. बीड म्हणजे साच्यात ओतलेलं लोखंड. ते कठीण असतं पण ठिसूळही असतं, जोराचा दणका बसला की तडकतं. या पट्ट्यांचा छेद इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखा होता. गाडीचं साधं चाक आडव्या भागावरून चाले आणि उभा भाग त्याला घसरून बाहेर जाऊ देत नसे. आजच्या रेल्वेत हे काम चाकाच्या आतल्या बाजूला असलेला उंचवटा करतो. वायलमला ते रुळाकडे होतं.

लोखंडाचा फायदा ताबडतोब दिसला. लाकडावर एक गाडी ओढणारा घोडा आता दोन ओढू लागला. म्हणजे एक कील भरायला आठ घोड्यांच्या फेऱ्यांऐवजी चार पुरेशा झाल्या.

तरी घोडाच महाग होत चालला होता. नेपोलियनशी चाललेल्या युद्धामुळे सैन्याला घोडे हवे होते आणि चाऱ्याचे भाव चढले होते. खाणीवर कोळसा फुकटासारखा आणि घोड्याचं पोट भरणं खर्चाचं. खाणवाल्यांना वाफेची आस लागली ती या हिशेबामुळे.

५. गुळगुळीत चाक गुळगुळीत रुळावर घसरत का नाही?

रेल्वेविषयी लहान मुलंही हा प्रश्न विचारतात आणि १८१२ साली इंग्लंडमधले नामवंत यंत्रज्ञ याच प्रश्नावर डोकं खाजवत होते. घोडा जमिनीत खूर रोवून गाडी ओढतो. इंजिन मात्र स्वतःचीच चाकं फिरवून पुढे जाणार. मागे जड गाड्या लावल्यावर ती चाकं जागच्या जागी गरगरणार नाहीत कशावरून?

शंका फोल नव्हती, म्हणून तिच्यावर उपायही नाना प्रकारचे निघाले. लीड्सजवळच्या मिडलटन खाणीवर जॉन ब्लेंकिन्सॉपने १८१२ मध्ये रुळाच्या कडेला दाते काढले आणि इंजिनाचं दातेरी चाक त्यांत अडकवलं. त्याला रूळ वाचवण्यासाठी इंजिन हलकं ठेवायचं होतं आणि हलक्या इंजिनाची पकड पुरली नसती. विल्यम चॅपमनने मार्गावर साखळी अंथरून इंजिनाने ती ओढत पुढे सरकावं अशी योजना केली. विल्यम ब्रंटनने तर इंजिनाला मागून रेटणारे दोन लोखंडी पाय लावले. त्याच्या अशा एका इंजिनाचा बॉयलर १८१५ मध्ये फुटला आणि माणसं दगावली.

वायलमला ब्लॅकेटने हा प्रश्न विल्यम हेडलीकडे सोपवला. हेडली खाणीचा ‘व्ह्यूअर’ होता, म्हणजे खाणीचं सगळं तांत्रिक काम पाहणारा प्रमुख. त्याने केलेला प्रयोग इतका सरळ आहे की तो शाळेत शिकवायला हवा. त्याने चार चाकांचा एक गाडा बनवला. बाजूंना माणसं उभी राहतील अशा फळ्या आणि त्यांच्या हाताशी फिरवायचे दांडे. दांडे फिरवले की दातेरी चाकांमार्फत गाड्याची चाकं फिरत. गाड्यावर वजनं ठेवायची, मागे कोळशाच्या भरलेल्या गाड्या लावायच्या आणि माणसांनी दांडे फिरवायचे. चाकं घसरू लागली की गाड्यावर वजन वाढवायचं. वजन बदलत, मागच्या गाड्या बदलत तो नोंद करत गेला की अमुक वजनाच्या गाड्यामागे किती भार ओढला जातो.

उत्तर असं निघालं : पकड वजनावर अवलंबून असते. चाक कितीही गुळगुळीत असो, त्यावर पुरेसं वजन असेल तर ते रुळाला धरून राहतं.

याचा अनुभव आपल्या स्वयंपाकघरात आहे. विळीचा पाट फरशीला खिळलेला नसतो, फरशीही गुळगुळीत असते. तरी नारळ जोर लावून खवताना विळी पुढे सरकत नाही, कारण खवणारी व्यक्ती तिच्यावर बसलेली असते. ती उठली आणि तीच विळी नुसत्या हाताने ढकलली, तर सहज सरकते. पाट तोच, फरशी तीच. बदललं ते वरचं वजन.

आता आकडे घालून पाहू. इंजिन आठ टनांचं आहे आणि ओलसर, मळक्या रुळावर त्याची पकड वजनाच्या फक्त एक षष्ठांश आहे असं धरू. म्हणजे चाकं घसरू न देता ते सुमारे १.३३ टनांइतका जोर लावू शकतं. मागे आठ भरलेल्या गाड्या आहेत. प्रत्येकीत २.६५ टन कोळसा आणि गाडीचं स्वतःचं वजन हिशेबाला सव्वा टन. आठांचे मिळून झाले साधारण ३१ टन. इंजिनाचे आठ मिळवले की ३९. रुळावर हे सगळं चालतं ठेवायला किती जोर लागतो? रूळ वाईट आहेत असं समजून वजनाचा शंभरावा भाग धरला, तरी तो ०.३९ टन होतो. हाताशी आहे १.३३. म्हणजे गरजेच्या तिपटीहून जास्त. हा जादाचा जोर चढावर आणि थांबलेली गाडी हलवताना उपयोगी पडतो.

इथे खरी गंमत अशी की चाक आणि रूळ एकमेकांना टेकतात ती जागा अगदी लहान असते, आजच्या रेल्वेत एका चौरस सेंटीमीटरच्या आसपास. जागा लहान असली तरी वजनामुळे पकड मिळतेच, आणि दोन्ही कठीण असल्यामुळे चाक रुतत नाही म्हणून गाडी हलकी चालते.

हेडलीने हे जगात सर्वप्रथम शोधलं असं अनेक ठिकाणी लिहिलेलं आढळतं. ते बरोबर नाही. ट्रेव्हिथिकचं इंजिन त्याच्या आठ वर्षं आधी गुळगुळीत चाकांवरच चाललं होतं. हेडलीचं मोठेपण मोजण्यात आहे. इतर जण ‘घसरेल’ किंवा ‘घसरणार नाही’ असा वाद घालत असताना त्याने किती वजनाला किती ओढ मिळते हे माणसांच्या हातांनी चाकं फिरवून ठरवलं. अंदाज आणि मोजमाप यांतला हा फरक मला या सगळ्या हकिकतीत सर्वांत मोलाचा वाटतो.

६. पफिंग बिली

मोजमाप हाती आल्यावर १३ मार्च १८१३ रोजी हेडलीने पेटंट घेतलं. एका सिलिंडरचं पहिलं इंजिन फारसं यशस्वी झालं नाही. मग १८१३-१४ मध्ये खाणीच्याच कार्यशाळेत दोन सिलिंडरची इंजिनं तयार झाली. त्यांतल्या एकाला लोक ‘पफिंग बिली’ म्हणू लागले आणि त्याच्या भावंडाला ‘वायलम डिली’.

पफिंग बिली आज आपल्याला इंजिनापेक्षा एखाद्या चालत्या कारखान्यासारखं दिसतं, आणि एका अर्थी ते तसं होतंही. आडवा बॉयलर आणि दोन्ही अंगांना एकेक उभा सिलिंडर. सिलिंडरमधला दट्ट्या वर-खाली झाला की बॉयलरच्या वर बसवलेला लांब दांडा हलायचा, त्याने खालची दातेरी चाकं फिरायची आणि त्यांनी रुळावरची चाकं. भट्टी आणि धुराडं बॉयलरच्या एकाच टोकाला होतं, कारण आगीची नळी बॉयलरमधून पलीकडे जाऊन वळसा घेऊन परत येत असे. त्यामुळे पाण्याला उष्णता जास्त वेळ मिळे. कोळसा घालणारा एका टोकाला आणि चालवणारा दुसऱ्या टोकाला उभा राही.

वेग ताशी चार-पाच मैल, चालत्या माणसाहून जरासा जास्त. पण ओढीचा आकडा पाहा : आठ भरलेल्या गाड्या. लाकडी रुळांवर जे काम आठ घोडे करत आणि बिडाच्या रुळांवर चार, ते आता एक इंजिन करू लागलं. एक फेरी आणि एक कील होडी भरली.

मात्र ज्या वजनामुळे पकड मिळत होती, त्याच वजनाने रूळ फुटू लागले. आठ टनांचं इंजिन चार चाकांवर म्हणजे प्रत्येक चाकाखाली दोन टन. बिडाच्या पट्ट्यांना हे सोसेना. खाणीतल्या लोकांनी मग इंजिन उलगडून त्याला आठ चाकं बसवली. प्रत्येक चाकाखालचा भार निम्म्यावर आला आणि इंजिनाचं एकूण वजन तेवढंच राहिल्यामुळे पकडही टिकली. पुढे १८२० मध्ये याच परगण्यातल्या बेडलिंग्टन इथे जॉन बर्किनशॉने घडीव लोखंडाचे लांब रूळ लाटण्याची रीत काढली. घडीव लोखंड दणक्याने तडकत नाही, वाकतं आणि सावरतं. वायलमचा मार्ग १८३०च्या सुमारास नव्या पद्धतीच्या रुळांनी पुन्हा घातला गेला, तेव्हा इंजिन परत चार चाकांवर आलं. आज संग्रहालयात दिसतं ते हेच रूप.

मधल्या काळात, १८२२ साली, कीलमेननी संप केला. होड्या चालवणारे हात थांबले तेव्हा खाणीवाल्यांनी वायलम डिली उचलून एका कील होडीवर बसवलं, वल्हेचक्रं जोडली आणि त्याची आगबोट करून इतर होड्या ओढवल्या. यंत्राची लवचिकता म्हणून ही हकिकत रंगवून सांगितली जाते. मला मात्र त्यात ते संपकरीही दिसतात. ज्यांच्या पिढ्या वल्ही मारण्यात गेल्या, त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांचं काम एका इंजिनाने केलं.

७. श्रेय कोणाचं?

पफिंग बिली कोणी बनवलं? पेटंट हेडलीचं. प्रत्यक्ष यंत्रकाम जोनाथन फॉर्स्टरचं. लोहारकाम टिमथी हॅकवर्थच्या हाताखाली. पैसा आणि चिकाटी ब्लॅकेटची. मूळ कल्पना ट्रेव्हिथिकची. अशा इंजिनावर एकाच माणसाचं नाव कसं कोरणार?

हॅकवर्थ २२ डिसेंबर १७८६ रोजी वायलमलाच जन्मला. त्याचे वडीलही खाणीवर मुख्य लोहार होते. तो मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचा, धार्मिक वृत्तीचा माणूस होता. रविवारी काम करायला त्याने नकार दिला आणि १८१५च्या सुमारास वायलमची नोकरी सोडली. पुढे स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वेची इंजिनं चालती ठेवण्याची जबाबदारी त्याच्याकडे आली. १८२७ मध्ये त्याने बनवलेल्या ‘रॉयल जॉर्ज’ इंजिनाने घोड्यांपेक्षा वाफ भरवशाची आहे, हे रोजच्या कामातून दाखवलं. १८२९ मध्ये रेनहिल इथे झालेल्या रेल्वे इंजिनांच्या प्रसिद्ध स्पर्धेत त्याचं ‘सां पारेल’ स्टीफन्सन पितापुत्रांच्या ‘रॉकेट’समोर उतरलं आणि हरलं.

स्टीफन्सनने वायलमची इंजिनं पाहिली होती. तो तेव्हा किलिंगवर्थच्या खाणीवर होता आणि १८१४ मध्ये त्याचं ‘ब्लूशर’ तिथे धावलं. इतरांचं पाहून शिकला म्हणून तो लहान ठरत नाही. खाणीपुरत्या मार्गांतून शहरांना जोडणारी रेल्वे उभी करणं हे त्याचं कर्तृत्व आणि ते प्रचंड आहे. पण त्याचं नाव जसं मोठं होत गेलं तशी बाकीची झाकली गेली. हेडलीच्या मुलाने १८५८ मध्ये ‘रेल्वे इंजिन कोणी शोधलं?’ असं विचारणारं पुस्तक काढून बापाची बाजू मांडली. हॅकवर्थच्या वंशजाने १९२३ मध्ये हॅकवर्थवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. एका गावातल्या तीन घराण्यांचा हा वाद शंभर वर्षं चालला. माझ्या मते तिघांचे वारस आपापल्या जागी बरोबर होते आणि ‘शोधलं’ हा शब्दच इथे अपुरा पडतो.

८. गावाला स्टेशन मिळालं

१८३५ मध्ये न्यूकॅसल-कार्लाइल रेल्वेचा पहिला टप्पा सुरू झाला आणि नदीच्या दक्षिण काठावर वायलम स्टेशन उभं राहिलं. ते आजही चालू आहे आणि जगातल्या सर्वांत जुन्या वापरातल्या स्टेशनांत गणलं जातं. रुळांच्या वर, लोखंडी सांगाड्यावर तोललेली तिथली सिग्नल केबिन १८९७ची आहे.

याच मार्गावरच्या मिल्टन नावाच्या छोट्या स्टेशनवर टॉमस एडमंडसन नोकरीला होता. आधी प्रवाशांना हाताने चिठ्ठी लिहून द्यावी लागे. त्याने १८३७च्या सुमारास पुठ्ठ्याचं छापील, क्रमांक घातलेलं तिकीट काढलं. मुंबईच्या लोकलने ज्यांनी संगणकाच्या आधीच्या काळात प्रवास केला आहे, त्यांच्या खिशात तेच एडमंडसनचं तिकीट असे.

उत्तर काठावर १८७६ मध्ये दुसरी रेल्वे आली, बरीचशी जुन्या घोडामार्गाच्या जागेवरून आणि स्टीफन्सनच्या घरासमोरून. तिला नदी ओलांडायची होती. पण नदीच्या तळाखाली जुन्या खाणी पोखरलेल्या होत्या. पात्रात खांब रोवणं धोक्याचं. म्हणून अभियंता विल्यम लॉजने एकाच झेपेची लोखंडी कमान टाकली आणि रूळ तिला खालून टांगले. झेप सुमारे ७३ मीटर. कमानीला टांगलेल्या पुलाची ही रचना पुढे जगात मोठमोठ्या पुलांसाठी वापरली गेली. हा फाटा १९६८ मध्ये बंद झाला. आता त्या पुलावरून आणि त्या वाटेने लोक पायी किंवा सायकलने जातात.

गावात लोखंडाचा कारखानाही होता, तो एकोणिसाव्या शतकातच थंडावला. खाण १८६८ मध्ये बंद पडली.

९. पाच फूट, चार फूट साडेआठ इंच, साडेपाच फूट

वायलमच्या रुळांमधलं पाच फुटांचं अंतर जगात टिकलं नाही. किलिंगवर्थला ते चार फूट आठ इंच होतं. स्टीफन्सनने तीच सवय पुढे नेली, लिव्हरपूल-मँचेस्टर मार्गावर अर्धा इंच वाढला आणि १४३५ मिलिमीटर हे जगातलं सर्वाधिक वापरातलं माप झालं. स्टीफन्सनला वायलमच्या खाणीवर नोकरी लागली असती तर युरोपचे रूळ कदाचित पाच फुटी असते.

भारताने तिसरंच माप निवडलं : साडेपाच फूट. तरी आपल्या पहिल्या रेल्वेचा धागा टाइनकाठाशी जोडलेला आहे. जॉर्जचा मुलगा रॉबर्ट स्टीफन्सन ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा सल्लागार अभियंता होता. प्रत्यक्ष काम पाहणारा जेम्स बर्कली रॉबर्टच्याच हाताखाली शिकलेला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली गाडी आणि पुढे भोर घाटाच्या चढाची आखणी, दोन्ही बर्कलीच्या देखरेखीखाली झालं. एका खोलीत वाढलेल्या, अठराव्या वर्षी अक्षर ओळखलेल्या जॉर्जने मुलाच्या शिक्षणाला काही कमी पडू दिलं नाही, त्याचं फळ सह्याद्रीपर्यंत पोचलं.

ज्यांना हे सगळं डोळ्यांनी पाहायचं आहे त्यांच्यासाठी एवढंच. पफिंग बिली १८६२ पर्यंत काम करत होतं. त्या साली ते लंडनला गेलं आणि पुढे दोनशे पौंडांना विकत घेतलं गेलं. आज ते साउथ केन्सिंग्टनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे, तिथे प्रवेशाला पैसे लागत नाहीत. वायलम डिली एडिंबराच्या नॅशनल म्युझियममध्ये आहे. चालतं पफिंग बिली पाहायचं तर डरहॅमजवळच्या बीमिश संग्रहालयात २००६ साली त्याची हुबेहूब प्रतिकृती तयार केली आहे. आणि न्यूकॅसलहून लोकल गाडी पकडून वायलमला उतरलात, तर पूल ओलांडून गावात या आणि नदीकाठच्या वाटेने पूर्वेकडे चालत राहा. थोड्या वेळात दगडी घर लागेल. तुम्ही चालाल ती वाट १७४८च्या रुळांची आहे.